आठ्या परत मिळण्याबाबत

विषय : अर्जदाराच्या कपाळावरील तीन आडव्या आठ्या मूळ धारकास परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांतील 'ओळखीची खूण' हा रकाना. २) अर्जदाराची पत्नी सौ. शीला हिने केलेली तोंडी विनंती.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर आठ्या अर्जदाराने स्वखुशीने, वैद्यकीय सल्ल्याने आणि पत्नीच्या आग्रहावरून घालवल्या. त्या गेल्या. कुठे गेल्या, हे अर्जदारास माहीत आहे. सबब हकीकत पुढीलप्रमाणे.

१

मी प्रभाकर परशुराम तिरोडकर. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आवक विभागात कारकून होतो. लोकांचे अर्ज घेणे आणि आज काम होणार नाही हे त्यांना सांगणे, असं माझ्या कामाचं स्वरूप होतं. १९८६ साली निवृत्त झालो आणि डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत कायमचा बसलो.

माझ्या आठ्या मी नोकरीत कमावल्या. वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर माणूस येऊन उभा राहिला की मान उचलायची नाही, फक्त भुवया उचलायच्या, चष्म्याच्या वरून बघायचं आणि म्हणायचं, "हं, बोला." कपाळावर तीन रेघा उठत. निम्मे लोक काय बोलायचं ते विसरत. उरलेले जेवणाच्या सुट्टीनंतर येतो म्हणत.

निवृत्तीचे कागद भरताना 'ओळखीची खूण' या रकान्यापाशी मी अडलो. कोणाला तीळ असतो, कोणाला लहानपणी बैलाने मारलेलं असतं. मला काहीच लागलेलं नव्हतं. आमचा हेडक्लार्क विश्राम धुरी म्हणाला, "तिरोडकर, तीळ कसले शोधतोस? कपाळ आहे ना! अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे ते." आणि त्यानेच लिहून टाकलं : 'कपाळावर तीन आडव्या आठ्या, मधली डाव्या भुवईवर तुटलेली.' साहेबांनी न वाचता सही केली. खूण कायमस्वरूपी असावी असा नियम आहे. मी हरकत घेतली नाही. शीला सोडली तर आठ्यांइतकं कायमस्वरूपी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

२

शीलाच्या कपाळावर एक रेघ नव्हती. साठीला आली तरी नव्हती. मेण लावून त्यावर ती कुंकू रेखायची, गोल, रुपयाएवढं. आणि ते रात्रीपर्यंत तसंच गोल राहायचं, कारण त्याच्या खालची जमीन हलत नव्हती. ती हसायची तीसुद्धा गालांनी.

घरी बसल्यावर मी बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून, टेबल मांडलं होतं. शीला चहा घेऊन आली की माझ्या भुवया उचलल्या जायच्या. "हं, बोला." पहिलं वर्ष ती हसली.

मग १९८८च्या श्रावणात एका सकाळी ती कप टेबलावर न ठेवता तशीच उभी राहिली.

"अहो, एक मागू?"

"हं, बोला."

"हेच! हेच नकोय मला. चहा आणला की वाटतं, चहा अपुरा आहे, सोबत दोन प्रती जोडायला हव्या होत्या."

"अगं, कपाळच तसं आहे. मी काय करू?"

"तेव्हाही तसंच होतं. अंतरपाट खाली आला आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते असं. माझे मामा घाबरले. म्हणाले, मुलगा ऐनवेळी परत पाठवतोय की काय!" मग ती हसायची थांबली. "एकदा तरी बिनआठ्यांचे माझ्याकडे बघा हो. मरायच्या आधी एकदा."

"कोण मरायच्या आधी?"

"ज्याची फाइल आधी निघेल तो," शीला म्हणाली आणि चहा ठेवून आत गेली.

इतकी वर्षं संसार केला, तिने मागितलेलं हे पहिलं असावं जे मला बाजारात जाऊन आणता येत नव्हतं.

३

ठाण्यात टेंभी नाक्यावर एका दुकानाच्या माडीवर डॉक्टर आंबर्डेकरांचा दवाखाना होता. खाली नवरात्राच्या मांडवाचे बांबू उतरवत होते. त्या आवाजात त्यांनी माझं कपाळ दोन बोटांनी ताणून पाहिलं.

"तिरोडकर, आठी कातड्यात नसते, सवयीत असते. कपाळाचा स्नायू उभा असतो. तो आकसला की वरची कातडी आडवी दुमडते. कागद रोज एकाच जागी दुमडलात तर काय होईल?"

"फाटेल."

"माणसाचं कपाळ फाटत नाही. घडी राहते. वय झालं, ऊन लागलं की ती पक्की होते."

"घालवता येतात?"

"कमी होतात. इतक्या खोल गेलेल्या पूर्ण जात नाहीत. आधी हा चष्मा बदला. दुभिंगी घ्या, म्हणजे वरून बघायला भुवया उचलाव्या लागणार नाहीत. उन्हात छत्री. झोपताना तेलाचा हात. दुपारी कपाळावर चिकटपट्टी लावून बसा; भुवई उचललीत की ती ओढेल आणि तुम्हाला कळेल. आरशासमोर बोलायचा सराव करा. आणि अपेक्षा बेताची ठेवा."

अपेक्षा बेताची ठेवण्याचं शिक्षण मी सरकारी खर्चाने घेतलेलं होतं. बाकीचंही मी नेमाने केलं. जुना चष्मा टेबलाच्या खणात गेला, टेबलावर आरसा आला. दुपारभर मी कपाळाला पट्टी लावून बसे आणि आरशातल्या गृहस्थाला दुधाचा भाव, पाण्याची वेळ वगैरे सांगे, भुवया न हलवता. "हं, बोला" एवढं मात्र जमेना. भुवया उचलल्याशिवाय ते तोंडातून निघतच नसे. मी ते म्हणायचं सोडून दिलं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी पट्टी काढली आणि कपाळ कोरं होतं. आठ्या फिक्या झालेल्या नव्हत्या, नव्हत्याच. पूर्ण जात नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, याकडे मी त्या वेळी दुर्लक्ष केलं.

शीला चकल्या तळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं, उजेडाकडे वळवलं.

"असे होतात होय तुम्ही," ती म्हणाली. "बसा. जरा बघू द्या."

घाणा जळाला. त्या दिवाळीत आम्ही काळ्या चकल्या खाल्ल्या, आणि मी आजवर खाल्लेल्या चकल्यांत त्याच बऱ्या होत्या.

४

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आतून हाक आली. "अहो, लवकर या! तुमच्या आठ्या दुधावर आल्यात!"

ओट्यावर दुधाचं पातेलं निवत होतं. सायीवर तीन आडव्या सुरकुत्या होत्या. मधली डावीकडे तुटली होती.

मी शीलाला समजावलं की साय निवताना आकसते, खिडकीतून वारा येतो, वारा एका दिशेचा, म्हणून सुरकुत्या आडव्या. तिने मान डोलावली आणि चमच्याने साय काढून माझ्या वाटीत घातली. दुसऱ्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. सुरकुत्या आल्या. तिसऱ्या दिवशी शीलाने हाक मारली नाही. साय गुपचूप काढून टाकली. ती मोरीत पडल्याचा आवाज मी बाहेर ऐकला.

मग इस्त्रीहून आलेल्या सदऱ्याच्या पाठीवर. मग पलंगाच्या चादरीवर, जिथे कोणी बसलेलं नव्हतं. मग टेबलासमोरच्या भिंतीवर, रंगाला पोपडे धरतात तशा. भिंतीबद्दल मी सोसायटीकडे पाइपगळतीची तक्रार केली. सेक्रेटरी येऊन भिंतीला हात लावून गेले. "कोरडी ठणठणीत आहे, काका," ते म्हणाले.

भुतंखेतं रात्री येतात असं ऐकून होतो. आमच्याकडे जे आलं ते कचेरीच्या वेळेत आलं. सकाळी दहाच्या आत काही नाही, संध्याकाळी साडेपाचनंतर काही नाही. जेवणाच्या सुट्टीत भिंत स्वच्छ. रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी तर साय अशी गुळगुळीत, की विरजण लावून तूप करावं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ते शीलाला सांगितलं नाही. आपण शिकलेली माणसं; योगायोग म्हणून एक गोष्ट असते, तिलाही काही काम द्यायला हवं.

एका दुपारी मी आरशासमोर पट्टी लावून बसलो होतो, तोंड मिटून. शीला माझ्यामागे पलंगावर तांदूळ निवडत होती. आत, ओट्याच्या बाजूने, आवाज आला. "हं."

"काय म्हणालात?" शीलाने विचारलं.

"काही नाही."

"मग 'हं' कोण म्हणालं?"

आम्ही दोघं उठून आत गेलो. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. आम्ही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. साय हळूहळू, आमच्या डोळ्यांदेखत, वर ओढली गेली. कोणीतरी मान न उचलता आमच्याकडे बघावं तशी.

शीलाने त्यावर झाकण ठेवलं.

५

नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. एरवी खिडकीवरचा माणूस सही घेतो आणि पुढच्याला बोलावतो. त्या वर्षी तिथे एक नवीन मुलगी होती आणि दुर्दैवाने ती कामसू होती.

"काका, खूण दिसत नाही."

"गेली."

"खूण कशी जाईल?"

"औषधाने."

तिने कागद पुन्हा वाचला. "काका, तीळ जात नाही. म्हणून लोक तीळ लिहितात. भुवया वर करा बघू, दिसतात का."

मी भुवया उचलल्या. आत काहीतरी वर सरकलं, मला ते स्पष्ट कळलं.

"करा ना, काका."

"केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनीही करा म्हणून सांगितलं, मीही केलं, आणि तेही बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "असं करा, घरच्या कोणाला तरी घेऊन या. ओळख पटवायला."

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील, म्हणजे ऐन कचेरीची वेळ. भीतभीत भिंतीकडे पाहिलं. स्वच्छ होती. चादर ताठ. दुधावरची साय सपाट, आरशासारखी. मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेरूनच ओरडलो, "शीला, गेल्या गं! सगळीकडून गेल्या!"

शीला ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली. तिचं कुंकू आडवं तडकलं होतं, तीन ठिकाणी.

६

"आज बसतच नाहीये," ती म्हणाली. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तडकलं. तिसऱ्यांदा तिने करंडा बंद केला.

मला उपाय माहीत होते, तेवढं तरी होतं. मी तिच्या कपाळाला तेल चोळलं, पट्टी लावली, आरसा तिच्यापुढे ठेवला. चोळताना माझ्या अंगठ्याखाली त्या आठ्या दबत नव्हत्या. उलट त्या अंगठा वर ढकलत होत्या, सावकाश, समोरच्या माणसाचा कागद बोटाने मागे सारावा तशा.

"दुखतं का गं?"

"दुखत नाही. कंटाळा येतो."

"कशाचा?"

"कोणाचा तरी. कोणाचा ते कळत नाही."

पुढच्या आठवड्यात तिने खणातून माझा जुना चष्मा काढला. त्यानंतर ती माझ्या खुर्चीवर बसू लागली. सकाळी दहाला बसायची, साडेपाचला उठायची. चहा मी करायला लागलो. कप घेऊन टेबलासमोर उभा राहिलो की तिची मान हलत नसे. भुवया तेवढ्या वर जात, चष्म्याच्या वरून ती बघे. माझं कपाळ कोरं होतं, माझ्याकडे तिला दाखवायला काहीच नव्हतं. पहिल्यांदा माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

रविवारी मात्र ती शीला असायची. रविवारी कुंकू गोल बसे. आम्ही फडके रोडवरून देवळात जायचो, येताना ती नवऱ्याला हसायची, म्हणजे मला, छत्री विसरल्याबद्दल. मी दिवसभर तिच्याकडे बिनआठ्यांचा बघत असे, तिने मागितलं होतं तसा; दुसरं काही देण्याजोगं माझ्यापाशी नव्हतं.

"काल मी काय काय बोलले हो तुम्हाला?" ती विचारायची.

"काही नाही. थोडी कामात होतीस."

संध्याकाळ झाली की ती गप्प व्हायची. एका रविवारी दिवे लागले तसा तिने माझा हात धरला आणि सोडेना.

"उद्या सोमवार," ती म्हणाली. "मला तिथे पाठवू नका."

"कुठे, शीला?"

"टेबलावर."

सोमवारी सकाळी मी घड्याळ थांबवून ठेवलं. दहा वाजता ती उठली आणि जाऊन बसली.

७

आमच्या इमारतीची जागा मूळची तळमजल्यावरच्या ठमाबाईंची. आमच्या स्वयंपाकघराखाली त्यांचं भाताचं खाचर होतं, हे त्या आम्हाला अधूनमधून ऐकवत. भाडं मागितल्यासारखं नाही, पण विसरू नये म्हणून. जानेवारीत एका दुपारी त्या वाल द्यायला वर आल्या आणि टेबलामागे शीलाला बघून दारातच थबकल्या.

"शीला गो, कपाल असां मोकलां कशाला?" त्या जवळ आल्या. आवाज खाली आला. "कवा जाला गो ह्या? मना कोनी सांगलाच नाय!"

त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात, दोन हातांच्या अंतरावर, उभा होतो.

"ठमाबाई, गैरसमज होतोय," मी म्हणालो. "मी इथे आहे."

ठमाबाईंनी माझ्या दिशेला, माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे, पाहिलं. त्यांच्या अंगावर काटा आलेला मला दिसला.

"घरान अजून त्यांचाच आवाज भरलाय गो," त्या शीलाला म्हणाल्या आणि वाल टाकून गेल्या.

संध्याकाळी त्यांच्याकडून पिठलं-भाताचा डबा आला. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी चूल पेटवू नये म्हणून शेजारी पाठवतात तो. शीला जेवली नाही. मी जेवलो. मेलेल्या माणसाने पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही, सबब मी जिवंत होतो. त्या रात्री हा मुद्दा मला पुरेसा वाटला.

८

बँकेत जायला सोमवारच निघाला. शीला बरोबर आली. म्हणजे ती पुढे चालत होती आणि मी बरोबर होतो. खिडकीवर तीच मुलगी होती.

मी म्हणालो, "घरच्या माणसाला आणलं आहे. ओळख पटवायला."

मुलीने कागद काढला, वाचला, मान वर केली आणि तिचं तोंड उजळलं.

"हां! तीन आठ्या. मधली तुटलेली." तिने बरोबरची खूण केली. "मागच्या वेळी कशा नाही दिसल्या? सही करा, काका."

ती शीलाकडे बघून बोलत होती. माझ्या बायकोला, नऊवारी लुगड्यातल्या बाईला, ती काका म्हणाली, आणि रांगेत कोणी हसलं नाही. शीलाने पेन घेतलं आणि सही केली. प्र. प. तिरोडकर. खाली रेघ मारली, शेवटी दोन टिंबं दिली. ती टिंबं मी देतो. का देतो, ते मला कधी कळलेलं नाही.

"आणि हे कोण?" मुलीने माझ्याकडे पेन रोखून विचारलं.

शीलाने मला पाहिलं. खूप वेळ लावला तिने. ती आठवायचा प्रयत्न करते आहे असं मला वाटलं, आणि मी माझं कपाळ पुढे केलं, जसं काही त्यावर काही लिहिलेलं असावं.

"बाहेरचे आहेत," ती म्हणाली. "त्यांना उद्या यायला सांगा."

९

रविवार उरले होते. मी तेवढ्यावर जगत होतो, आणि रविवार कमी आहेत अशी माझी तक्रार नव्हती. लोकांना तेवढेही नसतात.

मग मार्च लागला.

मी सरकारी नोकरीत जन्म काढला आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. मार्चमधल्या पहिल्या रविवारी मी लवकर उठलो, तिची आवडती शेवंतीची वेणी आणली, करंडा उघडून ठेवला. शीला आंघोळ करून आली, करंड्यावरून पुढे गेली आणि खुर्चीवर बसली.

"शीला, आज रविवार आहे."

"मार्चअखेर आहे," शीला म्हणाली.

मी वेणी टेबलावर ठेवली. तिने मान न उचलता ती बोटाने बाजूला सारली. मग भुवया वर जायला लागल्या. त्या वर जाताना, आठ्या उठायच्या आधी, एक क्षण तिचं कपाळ सपाट झालं. त्याखालून शीलाने माझ्याकडे पाहिलं. ती शीलाच होती. खिडकीचं दार कोणीतरी बाहेरून लावत असावं आणि आतल्या माणसाने त्या फटीतून बघावं, तसं तिने पाहिलं. तिचे ओठ हलले.

"अहो—"

आठ्या उठल्या. चष्म्याच्या वरून ती माझ्याकडे बघत होती.

"हं, बोला," ती म्हणाली. आवाज माझा होता.

मी बोलायला हवं होतं. पण काय बोलायचं तेच मला आठवेना.

१०

एप्रिल आला तेव्हा मला आशा होती. एप्रिलमध्ये कचेरीत कोणी रविवारी येत नाही. शीला आली. काम तुंबलं आहे, असं तिने भिंतीकडे बघून सांगितलं. दुसरे शनिवारही गेले, दिवाळीची सुट्टी गेली, पुढच्या दिवाळीचीही गेली.

मी डॉक्टर आंबर्डेकरांकडे जाऊन आलो. आठ्या परत कशा आणायच्या असं विचारलं. ते हसले, असा रोगी त्यांच्याकडे आला नव्हता. उन्हात बसा, चिंता करा, वाचायचा जुना चष्मा लावा, म्हणाले. तिन्ही गोष्टी केल्या. जुना चष्मा मिळत नव्हता म्हणून तसाच नवा करवला. गॅलरीत मे महिन्याच्या उन्हात बसलो. चिंता तर मी विनासायास करतो. कपाळ काळं पडलं, पण गुळगुळीतच राहिलं.

तेव्हा अर्ज करायचा ठरवलं. नियमाप्रमाणे अर्ज ज्याच्याकडे वस्तू आहे त्याच्याकडेच करावा लागतो. त्यात मी लिहिलं की सदर आठ्या माझ्या आहेत, त्या मला परत द्याव्यात, मी त्यांच्यासह माझ्या बायकोकडे आयुष्यभर बघायला तयार आहे; तिची हरकत असली तरी. त्याबदल्यात मला फक्त ती हवी आहे. हे वाक्य अर्जाच्या भाषेत बसत नाही हे मला कळत होतं. ठेवलं.

शीलाने अर्ज घेतला आणि सुरुवातीपासून वाचला. बायकोबद्दलच्या वाक्यापाशी तिचं बोट थांबलं. बोट बराच वेळ तिथेच होतं, थोडं थरथरत होतं, असं मला वाटलं. पंखा चालू होता, त्याचंही असेल. मग तिने समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं, कागद काचेच्या वजनाखाली ठेवला आणि म्हणाली, "ओळखीच्या खुणेचा पुरावा जोडा. बाहेर बसा."

मी गॅलरीतल्या स्टुलावर बसतो. दहाला बसतो, साडेपाचला आत जाऊन दोघांचा स्वयंपाक करतो. मधूनमधून आत चौकशी करून येतो. पुरावा म्हणून ही हकीकत लिहून जोडतो आहे. आता १९९१ साल चालू आहे. अर्ज शीलाच्या टेबलावर, वजनाखाली आहे. त्यावर निर्णय झालेला नाही.